सरकता रिगर: १९८१ ते १९८३ मधलं एक रोइंग प्रकरण

१९८१ साली म्युनिकला झालेल्या जागतिक रोइंग स्पर्धेत पश्चिम जर्मनीच्या पीटर-मिखाएल कोल्बेने एकेरी स्कलची, म्हणजे एका माणसाने दोन वल्ह्यांनी वल्हवायच्या बोटीची, शर्यत जिंकली. १९७५ आणि १९७८ मध्ये तो जगज्जेता झालेलाच होता, तेव्हा निकालाचा कुणाला धक्का बसायचं कारण नव्हतं. बोट मात्र वेगळी होती. तिच्यात आसन जागच्या जागी पक्कं बसवलेलं होतं आणि दोन्ही बाजूंना वल्ही धरणारा रिगर पायफळीसकट पुढे-मागे सरकत होता. पुढच्या वर्षी ल्युसर्नला एकेरीच्या अंतिम फेरीतल्या सहापैकी पाच बोटी याच पद्धतीच्या होत्या. १९८३ मध्ये ड्युइसबर्गला सहाच्या सहा. तिथेही कोल्बे जिंकला. आणि त्याच वर्षी रोइंगची आंतरराष्ट्रीय संघटना फिसा हिने सरकत्या रिगरवर बंदी घातली. कारण सांगितलं गेलं ते खर्चाचं.

तीन हंगामांत एखादी रचना एका खेळाडूकडून अख्ख्या अंतिम फेरीपर्यंत पोचते आणि लगेच नियमाबाहेर जाते, असं रोइंगमध्ये क्वचितच घडलं असेल. हे प्रकरण नीट उलगडलं तर बोट वेगवान कशाने होते हे तर कळतंच, शिवाय कुठली सुधारणा खेळात टिकते आणि कुठली नाही याचाही एक निकष हाती लागतो. तो निकष वेगाचा नाही, असं माझं ठाम मत आहे.

आधी बोटीतली खरी अडचण

एकेरी स्कलची बोट साधारण आठ मीटर लांब असते, पाण्याजवळ तिची रुंदी फूटभरही नसते, आणि नियमानुसार तिचं वजन किमान १४ किलो असावं लागतं. तिच्यात बसणारा माणूस असतो ऐंशी-नव्वद किलोचा. म्हणजे वाहन हलकं आणि स्वार त्याच्या सहापट जड. त्यातून हा स्वार स्वस्थ बसत नाही. सरकत्या आसनावर बसून तो दर मिनिटाला तीसहून जास्त वेळा साठेक सेंटिमीटर पुढे-मागे जातो.

लहान होडीत उभं राहून एका टोकाकडून दुसरीकडे चालत गेलं की होडी उलट दिशेला सरकते, हे ज्याने अनुभवलंय त्याला पुढचं सगळं सोपं जाईल. वल्हवणारा पिछाडीकडे तोंड करून बसतो. वल्ही पाण्याबाहेर काढून तो पुढच्या फटक्यासाठी गुडघे वाकवत पिछाडीकडे सरकतो, तेव्हा बोट त्याच्या खालून नाळेच्या, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाच्या, दिशेने पळते. म्हणून बोटीचा सगळ्यांत जास्त वेग वल्ही पाण्यात असताना नसतो, ती हवेत असताना असतो. मग तो पायफळीवर पाय रोवून स्वतःची दिशा बदलतो, आणि त्याच क्षणी बोटीला मागे ढकलतो. फटक्याच्या सुरुवातीला बोटीचा वेग झपकन खाली येतो. काठावरून पाहणाऱ्याला गुळगुळीत वाटणारी बोट प्रत्यक्षात सतत धक्के खात, वेग घेत आणि गमावत चाललेली असते.

थोडा हिशेब करू. वल्हवणारा ८५ किलोचा धरा, बोट आणि वल्ही मिळून १७ किलो. बाहेरचा जोर क्षणभर बाजूला ठेवला तर दोघांचा सामाईक गुरुत्वमध्य आपल्या चालीने पुढे जात राहतो, आणि साठ सेंटिमीटरची सरकण दोघांत वजनाच्या उलट प्रमाणात वाटली जाते. माणसाच्या वाट्याला येतात दहा सेंटिमीटर, बोटीच्या वाट्याला पन्नास. पाय अर्धे बोटीबरोबर आणि अर्धे माणसाबरोबर हलतात हे लक्षात घेतलं तर बोटीचा वाटा चाळीसच्या थोडा वर येतो. तरीही अर्थ तोच: पाण्याच्या संदर्भात पाहिलं तर माणूस बऱ्यापैकी एका लयीत पुढे जातो आणि त्याच्याखाली बोट मागे-पुढे हेलपाटे घालते.

याने बिघडतं काय? पाण्याचा विरोध ढोबळमानाने वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, आणि त्यावर मात करायला लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या. त्यामुळे सरासरी वेग तोच असला तरी चढउतार करत जाणाऱ्या बोटीला एकसारख्या वेगाने जाणाऱ्या बोटीपेक्षा जास्त शक्ती लागते. जलद क्षणांत जेवढं जादा जातं तेवढं मंद क्षणांत परत मिळत नाही. वेग सरासरीच्या वर-खाली २० टक्क्यांनी एखाद्या लाटेसारखा हलतो असं धरलं तर सुमारे ६ टक्के शक्ती वाया जाते. हाच चढउतार १० टक्क्यांवर आणला तर नुकसान दीड टक्क्यावर येतं. मधल्या साडेचार टक्क्यांतून वेगात जेमतेम दीड टक्क्याची भर पडते. दीड टक्का म्हटलं की किरकोळ वाटतं. पण २००० मीटरच्या, सात मिनिटांच्या शर्यतीत तो सहा सेकंदांचा फरक आहे. अंतरात मोजायचं तर तीन बोटींच्या लांबीपेक्षा जास्त.

हे गणित उदाहरणादाखल आहे. खऱ्या बोटीचा वेगाचा आलेख इतका देखणा नसतो आणि वल्ही थांबून-थांबून जोर लावतात त्याचाही चढउतार त्यात मिसळलेला असतो. पण अंतिम फेरीतले सगळे सहाजण दोन वर्षांत एकाच रचनेकडे का वळले, हे समजायला एवढं पुरे.

उलटा करून पाहिलेला प्रश्न

सरकत्या रिगरची कल्पना १९८१ ची नव्हे. एकोणिसाव्या शतकात, म्हणजे सरकतं आसन नुकतं रुळत होतं त्याच सुमाराला, अमेरिकेत या कल्पनेचं पेटंट घेतलं गेलं होतं. शंभरेक वर्षं ती पडून राहिली. जर्मन जैवयांत्रिकी संशोधक फोल्कर नोल्टे आणि एबरबाखची एम्पाखर ही बोटी बनवणारी कंपनी यांच्या कामातून ती शर्यतीच्या पाण्यावर उतरली.

प्रश्न त्यांनी उलटा केला. वल्हवण्यासाठी माणसाला बोटीच्या संदर्भात सरकायची गरजच नाही. गरज आहे ती गुडघे वाकून ताठ होण्याची, म्हणजे पाय आणि नितंब यांच्यातलं अंतर कमी-जास्त होण्याची. मग जड टोक कशाला हलवायचं? नितंब जागेवर ठेवा आणि पायफळी हलवा. पण पायफळी हलली तर वल्ह्याची खुंटीही तिच्याबरोबर तेवढीच हलली पाहिजे, नाहीतर हात आणि पाय यांची भूमिती बिघडेल. म्हणून रिगर आणि पायफळी एकाच चौकटीत जोडून ती चौकट रुळांवर ठेवली.

आता हलतात रिगर, पायफळी, वल्ही, मिळून सात-आठ किलो, आणि पाय. वरचाच हिशेब इथे लावला तर बोटीचं मागे-पुढे होणं पाय धरूनही तेरा सेंटिमीटरच्या आसपास येतं. जिथे चाळीसहून जास्त होतं तिथे तेरा. त्यात आणखी एक फायदा फुकटात मिळतो. धड अजूनही झुलतंच. रिकव्हरीत, म्हणजे दोन फटक्यांच्या मधे वल्ही हवेत असताना, ते पिछाडीकडे झुकतं. त्याच वेळी चौकट नाळेकडे येत असते. दोन्ही हालचाली एकमेकींच्या विरुद्ध असल्यामुळे त्या काही अंशी एकमेकींना खोडतात. शिवाय माणसाचं वजन लांबीच्या दिशेने फारसं हलत नाही, म्हणून नाळ आणि पिछाडी आळीपाळीने पाण्यात डुबक्या घेत नाहीत. डोलणं कमी झालं की बोटीची टोकं त्यासाठी लांब ठेवण्याचीही गरज कमी होते. रोइंगच्या बोटीला होणाऱ्या विरोधातला फार मोठा वाटा पाण्याच्या पृष्ठ-घर्षणाचा असतो, तेव्हा भिजणारा पृष्ठभाग थोडा जरी कमी झाला तरी ती कमाईच.

मला या रचनेतलं सगळ्यांत सुंदर वाटतं ते बळांचं वळण. नेहमीच्या बोटीत वल्ह्याची खुंटी नाळेकडे ढकलली जाते आणि पायफळी पिछाडीकडे. ही दोन्ही बळं मोठी आणि परस्परविरोधी. त्यांची गाठ पडते बोटीच्या अंगात. प्रत्येक फटक्याला बोटीच्या मधल्या भागाला ती ओढाताण सोसावी लागते, म्हणून तो भाग ताठ आणि मजबूत बांधावा लागतो. सरकत्या रिगरमध्ये मात्र खुंटी आणि पायफळी एकाच चौकटीवर आहेत. ओढाताण त्या चौकटीतच मिटते आणि बोटीपर्यंत पोचतच नाही.

मग बोटीला पुढे नेतं कोण? चौकट तर रुळांवर मोकळी आहे. उत्तर आहे आसन. चौकट आणि माणूस मिळून जी निव्वळ पुढची ओढ मिळवतात ती माणसाच्या बैठकीतून बोटीला पोचते. त्यासाठी आसन सपाट फळीसारखं असून चालत नाही, त्याला शरीराला धरून ठेवणारा आकार लागतो. हे बळ किती? बोट सेकंदाला पावणेपाच मीटर वेगाने जात असेल आणि उपयोगी शक्ती साडेतीनशे वॉट असेल तर सरासरी विरोध सत्तर-पंचाहत्तर न्यूटन, म्हणजे सात-आठ किलो वजनाएवढा. फटक्याच्या काळात तो जोर अर्थातच जास्त. तरी खुंटीवरच्या बळांपुढे हे काहीच नाही.

शंभर वर्षं का थांबावं लागलं

कल्पना एवढी सरळ असताना ती शंभर वर्षं का पडून राहिली, याचं उत्तर साहित्यात आहे. या रचनेचा सगळा फायदा एका अटीवर उभा आहे: हलणारी चौकट हलकी हवी. पण तीच चौकट आता सगळी ओढाताण एकटी सोसते, म्हणजे ती ताठही हवी. हलकं आणि ताठ या दोन मागण्या लोखंडी नळ्या आणि लाकूड यांच्याकडून एकाच वेळी पुऱ्या होत नाहीत. चौकट जड झाली तर कमाई घटेल. चाकं रुळांवर अडखळली तर उरलेलीही जाईल.

१९७० च्या दशकात हे चित्र बदलत होतं. तोपर्यंत शर्यतीच्या बोटी बहुतेक लाकडाच्या असत: देवदारासारख्या लाकडाची काही मिलिमीटर जाडीची पातळ साल, आत बारीक फासळ्या. कारागिरी अप्रतिम, पण लाकूड ओल धरतं, वजन वाढवतं आणि काही हंगामांनंतर मऊ पडतं. तंतू आणि रेझिन यांच्या बांधणीने हा प्रश्न वेगळ्या तऱ्हेने सोडवला. कार्बनच्या दोन पातळ थरांच्या मध्ये मधमाशीच्या पोळ्यासारखा पोकळ गाभा ठेवायचा आणि इपॉक्सीने सगळं एकजीव करायचं. ताठपणा दोन थरांमधल्या अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, आणि गाभ्याचं वजन जवळजवळ नसतंच. वाकण्याविरुद्ध इतक्या कमी वजनात इतका ताठपणा लाकडात मिळणं अवघड. ॲल्युमिनियमच्या हलक्या रिगर नळ्या आणि वजन कमी केलेली वल्ही याच काळात हाताशी आली. अमेरिकेतल्या व्हरमॉन्टमध्ये ड्रायसिगॅकर बंधूंनी कन्सेप्ट२ नावाने तंतूंची वल्ही बनवायला सुरुवात केली तीही याच दशकात.

म्हणून सरकता रिगर १९८१ मध्ये यावा यात मला योगायोग दिसत नाही. चांगली कल्पना साहित्याची वाट पाहत होती, आणि साहित्य आलं.

नव्या साहित्याने बोटी भराभर हलक्या करता येऊ लागल्या, तरी ती स्पर्धा नियमांनी एका रेषेवर थांबवली आहे. किमान वजन एकेरीला १४ किलो, दुहेरीला २७, चौघांच्या क्वाडला ५२, आठजणांच्या बोटीला ९६. बोट याहून हलकी भरली तर वजन लादावं लागतं. त्यामुळे आज कार्बनचा उपयोग वजन आणखी घटवण्यापेक्षा त्याच वजनात ताठपणा वाढवण्यासाठी होतो. फटक्याची ताकद बोट वाकवण्यात जाऊ नये, एवढाच त्याचा हेतू. पण वजनाचा नियम सरकत्या रिगरला अडवू शकला नसता, कारण त्याचं बळ वजन कमी असण्यात नव्हतं. वजन कुठे हलतं यात होतं.

बंदी आणि तिच्यामागचा युक्तिवाद

टोमी केलर तेव्हा फिसाचे अध्यक्ष होते. अंतिम फेरीतल्या सहाही बोटी सरकत्या रिगरच्या झाल्यावर पुढचं चित्र स्पष्ट होतं. एकेरीनंतर दुहेरी, मग चौघांची बोट, मग आठजणांची. प्रत्येक देशाला आणि प्रत्येक क्लबला आपला ताफा बदलावा लागला असता. श्रीमंत संघांनी तो एका हंगामात बदलला असता, बाकीचे कित्येक वर्षं जुन्या बोटींत मागे राहिले असते.

फिसाच्या व्याख्येचा आज लागू असलेला मजकूर सांगतो की रोइंगच्या बोटीत भार पेलणारे सगळे भाग, हलणाऱ्या भागांच्या अक्षांसकट, बोटीच्या अंगाला पक्के जोडलेले असले पाहिजेत. वल्हवणाऱ्याचं आसन मात्र बोटीच्या लांबीच्या दिशेने हलू शकतं. ही रचना एका वाक्यात बाहेर. आसनाला मुभा, रिगरला नाही.

खर्चाचा मुद्दा मला अर्धा पटतो. नवीन बोट महाग पडते म्हणून बंदी, असं कुणी म्हणत असेल तर ते यंत्रशास्त्राशी जुळत नाही. वर पाहिलं तसं या रचनेत बोटीच्या अंगावरची ओढाताण नाहीशी होते, ते अंग साधं बांधता येतं आणि आखूडही ठेवता येतं. चौकट आणि रूळ यांचा वाढीव खर्च तिथे निदान काही प्रमाणात भरून निघाला असता. आठजणांच्या बोटीत आठ सरकत्या चौकटी बसवणं आणि त्या एकसाथ हलवणं हे वेगळं आणि अवघड काम, तिथे किंमत नक्की चढली असती. पण एकेरीत तसं म्हणता येत नाही.

पटतो तो दुसरा अर्धा. अडचण नव्या बोटीच्या किमतीत नव्हती, जुन्या बोटीच्या किमतीत होती. नेहमीच्या बोटीत रिगर काठाला आणि फासळ्यांना बोल्टने घट्ट बसवलेला असतो, पायफळी आत पक्की, रूळ आसनाखाली. हे सगळं उलटं करायचं तर बोट उघडून तिची मधली बांधणीच बदलावी लागते. इतकं करून मिळतं काय, तर उगाच लांब आणि उगाच मजबूत अंग असलेली एक मिश्र बोट. जुन्या बोटीला नवी करायचा सरळ मार्ग नव्हता. ती रातोरात निकामी ठरणार होती.

याच निकषावर दहा वर्षांनंतरची एक गोष्ट तोलून पाहावी. १९९१ मध्ये कन्सेप्ट२ ने वल्ह्याचं कुऱ्हाडीच्या आकाराचं, रुंद, आखूड आणि असमान पातं आणलं. तोवर चालत असलेलं समान आकाराचं माकॉन पातं १९५९ च्या युरोपीय स्पर्धेत जर्मन प्रशिक्षक कार्ल ॲडम यांच्या रात्सेबुर्गच्या संघाने आणलं होतं. नवं पातं पाण्यात कमी घसरतं, म्हणून वल्हं काही सेंटिमीटर आखूड करता येतं. असा आकार लाकडातून कोरण्यापेक्षा साच्यात तंतू आणि रेझिन घालून काढणं कितीतरी सोपं, म्हणजे हीसुद्धा नव्या साहित्याचीच देणगी. १९९२ च्या बार्सिलोना ऑलिम्पिकपर्यंत जगातले बहुतेक आघाडीचे संघ त्याकडे वळले होते. सरकत्या रिगरइतकाच झपाटा. पण बंदी आली नाही. वल्ही बदलायला बोट बदलावी लागत नाही. जुन्या बोटीत, जुन्या रिगरवर, त्याच खुंटीत नवं वल्हं अडकवलं की झालं.

दोन्ही सुधारणा वेगवान. दोन्हींनी जुनं साहित्य मागे टाकलं. एक राहिली, एक गेली. फरक पडला तो जुन्या बोटीवर बसवता येण्या-न येण्याने.

१९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये अमेरिकेच्या चौघांच्या एका बोटीच्या अंगावर रिब्लेट म्हणजे सूक्ष्म खोबणींची पट्टी लावलेली होती आणि त्या बोटीला रौप्यपदक मिळालं. पट्टी तर कुठल्याही बोटीला चिकटवता येते, मग ती का गेली, असा रास्त प्रश्न कुणी विचारेल. ती गेली वेगळ्या नियमाने: बोटीलगतच्या पाण्याच्या थराचा स्वभाव बदलणारे लेप आणि पृष्ठरचना आज निषिद्ध आहेत. तिथे मुद्दा पैशाचा कमी आणि प्रयोगशाळेतल्या न संपणाऱ्या चढाओढीचा जास्त असावा, असं मला वाटतं. माझा निकष सगळ्या बंदींना लागू पडतो असा दावा नाही. सरकत्या रिगरला तो चपखल बसतो.

पुराव्याबद्दल थोडं

सरकत्या रिगरचा फायदा सांगताना अनेकजण कोल्बेची पदकं मोजतात. हा पुरावा दिसतो तितका भक्कम नाही. कोल्बे या बोटीआधी दोनदा जगज्जेता होता आणि बंदीनंतर १९८६ मध्ये नेहमीच्या बोटीतही झाला. १९८४ च्या ऑलिम्पिकमध्ये, म्हणजे बंदीनंतरच्या पहिल्याच मोठ्या शर्यतीत, फिनलंडच्या पेर्टी कार्पिनेनने सुवर्ण घेतलं आणि कोल्बेला रौप्यावर थांबावं लागलं. त्यावरून सरकता रिगर नसल्यामुळे कोल्बे हरला असं म्हणणारे हे विसरतात की १९७६ मध्ये माँट्रियललाही कार्पिनेननेच त्याला मागे टाकलं होतं, आणि तेव्हा दोघंही नेहमीच्या बोटींत होते. १९८३ च्या अंतिम फेरीत तर सगळ्यांकडेच ही रचना होती, म्हणजे तिथला निकाल पुन्हा माणसांचा होता.

जोरदार पुरावा पदकांत नाही, खेळाडूंच्या निवडीत आहे. एकेरीचा खेळाडू आपल्या बोटीबद्दल फार हट्टी असतो. वर्षानुवर्षं अंगवळणी पडलेली बैठक, उंची, मापं तो सहजासहजी बदलत नाही. असे पाचजण एका वर्षात आणि सहावाही दुसऱ्या वर्षात नव्या बोटीत बसले, याचा अर्थ त्यांना पाण्यावर फरक कळला होता.

आज फिसा वर्ल्ड रोइंग या नावाने ओळखली जाते, आणि तिच्या नियमांत नव्या साधनांसाठी स्वतंत्र कलम आहे. नवी रचना आधी तपासणीला द्यावी लागते. ती सगळ्या स्पर्धकांना बाजारात मिळायला हवी, तिने खर्च फार वाढता कामा नये, ती सुरक्षित असावी आणि खेळाचं मूळ रूप तिने राखावं, अशा अटी आहेत. १९८१ ची बोट या कलमापुढे आली असती तर उपलब्धतेची अट तिने कदाचित पार केली असती. खेळाच्या मूळ रूपाच्या अटीवर वाद झाला असता, आणि तो मला ऐकायला आवडला असता, कारण सरकतं आसनसुद्धा कधीकाळी नवंच होतं.

शर्यतीबाहेर ही रचना जिवंत आहे. हौशी वल्हवणाऱ्यांसाठी सरकत्या रिगरच्या बोटी आजही बनतात, तिथे व्याख्येचं बंधन नाही. सरावाच्या यंत्रांतही पायफळी आणि चाक मोकळं सरकणारी यंत्रं आहेत: माणूस जवळजवळ जागेवर राहतो आणि हलका भाग त्याच्याकडे येतो-जातो. बोटीतला अनुभव जमिनीवर मिळावा म्हणून ती बनवली गेली, आणि त्यांच्यावर सराव करून खेळाडू स्थिर रिगरच्या बोटीत शर्यतीला उतरतात.